परसबाग : औषध कुणाला, कोयता कुणाला?

मैत्रिणींनो, ताम्हिणीकडून पाऊस एकदा उतरला की पौड-पिरंगुटपर्यंत झाडांची पानं म्हणून वाळत नाहीत. ओल टिकली की रोगांचं फावतं. आपल्या परसात बहुधा एक कागदी लिंबू आणि दोन-तीन पपया असतातच. दोघांची दुखणी वेगळी, म्हणून इलाजही वेगळे.

लिंबाच्या पानांवर, काटक्यांवर, फळांवर खडबडीत तपकिरी खवले दिसले आणि पानावर त्यांच्याभोवती पिवळं कडं असलं, तर तो खैऱ्या. हा जिवाणूंचा रोग पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. पावसाआधी रोगट काटक्या छाटून जाळाव्यात आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं. फळ दिसायला वाईट, पण सरबताला खुशाल वापरा.

बोर्डो मिश्रणाची कृती : मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १० लिटर. प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत पाच-पाच लिटर पाणी घेऊन एकीत मोरचूद विरघळवा, दुसरीत चुना विझवून गाळून घ्या. दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत काठीने ढवळा. लखलखीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस झाली, तर चुन्याची निवळी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी, उघडीप पाहून संपवा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ही भांडी नि सुरी स्वयंपाकघरात परत आणू नका.

फ्रान्समधल्या बोर्दो भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासत. त्या वेली केवडा रोगातून वाचलेल्या पाहून मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला.

पपईच्या बुंध्याशी पाणी साचलं तर साल कुजते. तिथे मातीची भर द्या, पाण्याला वाट काढा. पण पानं चितकबरी होऊन दोऱ्यासारखी अरुंद झाली, फळांवर तेलकट गोल वळी उठली, तर तो रिंगस्पॉट. हा विषाणूचा रोग. त्यावर बोर्डो काय, कुठलंच औषध नाही. मावा किडीमार्फत तो शेजारणीच्या झाडांवर जातो. फळांनी लगडलेल्या झाडावर कोयता चालवायला जीव होत नाही खरा, पण एक राखायला जाल तर आळीतल्या साऱ्या पपया जातील. फळं उतरवा, भाजीला घ्या, माणसाला त्यांचा अपाय नाही. झाड मात्र मुळासकट काढा. आणि नव्या रोपाजवळ काकडी-दुधीचे वेल चढवू नका बरं, हा रोग त्यांच्यावरही वस्ती करू शकतो.