ओवी, वाडी आणि वेदी

महाराष्ट्र आणि गोव्यातील कॅथोलिक समाजाकडे एकतर पोर्तुगीज सत्तेचा अवशेष म्हणून पाहिले जाते, नाहीतर केवळ नाताळात आठवण होणारा अल्पसंख्य समाज म्हणून. या समाजाची श्रद्धा चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीतून बोलली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे, धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टी प्रांतात दीर्घकाळ राहून रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलमधील कथा पुराणाच्या घाटात सांगतो. जुनी पुराणे वाचण्यास मनाई केली, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे का देत नाही, असा प्रश्न एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारला आणि त्यातून ही रचना झाली, असे ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे. त्या प्रश्नामागे काहीतरी हिरावले गेल्याची वेदना आहे. देवळे पाडली जात होती, ग्रंथ नष्ट केले जात होते, त्याच काळाचे हे अपत्य असल्यामुळे ती वेदना बाजूला सारून ‘क्रिस्तपुराणा’चा नुसता गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 1684 मध्ये तर पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली. तरीही या ओव्या भाविकांच्या कंठात पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे 1962 ते 1965 या काळात रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या महासभेने, उपासनेत लोकभाषांना मोकळीक दिली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली. श्रद्धेने स्थानिक संस्कृतीत मुळे धरण्याच्या या प्रक्रियेला सांस्कृतिकीकरण म्हणतात. समई, आरती आणि झेंडूची तोरणे एवढ्यावरच ते थांबले, तर ते वरवरचे राहते. ज्या मातीत समाज राहतो तिचे दुःख वेदीपर्यंत पोहोचते की नाही, यातच त्याची खरी कसोटी आहे.

वसईत ते पोहोचले. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करणाऱ्या, पानवेली जपणाऱ्या वाड्यांवर बांधकामाचे सावट आले आणि टँकर विहिरी उपसू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून लोकलढा उभारला. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, असे पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, म्हणजे पोपने काढलेल्या अधिकृत पत्रात, 2015 मध्ये मांडले. वसईकरांना ते कितीतरी आधी अनुभवातून उमगले होते. बायबल सुबोध मराठीत आणणारे दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मावरून त्यांना विरोध झाला, ही मराठी संस्कृतीला न शोभणारी गोष्ट होती. जुलै 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेल्या वाड्यांचा आणि विहिरींचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे, आणि तो धर्मग्रामांनी, म्हणजे स्थानिक चर्चच्या श्रद्धावंत समुदायांनी, स्वतःच्या ताब्यातील जमिनींपासून हाती घ्यावा, अशी या अंकाची आग्रहाची मागणी आहे.