नाळ कापण्याआधीचे एक मिनिट

माझ्या आपाची मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मली, इथेच रत्नागिरीत. बाहेर येताच नाळ कापली आणि बाळाला काचेच्या पेटीत नेले. पुढे तिला रक्त चढवावे लागले. तेव्हा दादी म्हणाली, "आमच्या वेळी वार पडेपर्यंत सुईण नाळेला कात्री लावत नसे." आम्ही तिला गप्प केले. नंतर वाचू लागलो, तेव्हा कळले की दादी अडाणीपणाने बोलत नव्हती.

बाळ जन्मले तरी नाळ काही वेळ धडधडत असते आणि वारेतले रक्त बाळाकडे जात राहते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे तर जवळपास निम्मे रक्त त्या क्षणी वारेत असू शकते. नाळ लगेच चिमटली की ते वारेबरोबर फेकले जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, निदान एक मिनिट थांबा. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये २० अभ्यासांतल्या तीन हजारांहून अधिक अपुऱ्या दिवसांच्या बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. नाळ लगेच कापलेल्यांत सुमारे ८ टक्के बाळे दगावली, थांबून कापलेल्यांत ६ टक्के.

आपल्या सरकारच्या २०१८ च्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमातही नाळ उशिरा कापण्यावर भर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली जवळजवळ ६९ मुले रक्तक्षयी आढळली. अशा राज्यात बाळाचे स्वतःचे रक्त वाया घालवणे परवडणारे नाही.

आपाच्या मुलीला त्यामुळेच रक्त लागले, असे मी म्हणणार नाही. इतक्या लहान जिवाला ते अनेक कारणांनी लागते. बाळ श्वासच घेत नसेल, आईला फार रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टरांना लगेच नाळ कापावी लागते. तो निर्णय त्यांचाच. वेळ वाचवायला नाळ पिळून रक्त ढकलणेही अठ्ठावीस आठवड्यांआधीच्या बाळाला धोक्याचे, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पण बाळ रडत असेल, तर कोरड्या, उबदार कपड्यात धरून थांबता येते. सिझेरियनमध्येसुद्धा. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच. नाळ किती वेळाने कापली हे प्रत्येक केसपेपरवर लिहिले जावे. लगेच कापली असेल तर कारणही लिहावे. आणि आपण घरच्यांनी बाळंतपणाआधीच डॉक्टरांना किंवा सिस्टरना अदबीने विचारावे, "थोडे थांबाल ना?" आमच्यापैकी कुणीच विचारले नव्हते. आम्ही पुरुष दाराबाहेर अजान द्यायला ताटकळत होतो, बाळ कधी हातात येते याचीच घाई.

तिच्या कानात अजान दिली ती अकराव्या दिवशी, पेटीतून बाहेर आल्यावर. अकरा दिवस थांबलो. ते एक मिनिट मात्र कुणी मागितलेच नाही.