भारमानाला वरची मर्यादा हवी

एसटीच्या आगाराची कामगिरी भारमानावर, म्हणजे आसनांच्या तुलनेत किती प्रवासी नेले त्यावर, जोखली जाते. तोट्यातल्या महामंडळाला हे मोजमाप सोडता येणार नाही, हे मान्य. पण भारमान शंभर टक्क्यांपलीकडे गेले की तो आकडा कमाईइतकाच धोक्याचाही होतो. ११ सप्टेंबर २०१८ रोजी तेलंगणातल्या कोंडगट्टूच्या घाटात तिथल्या परिवहन महामंडळाची बस दरीत कोसळली आणि साठच्या आसपास माणसे गेली. गाडीत शंभराच्या आसपास प्रवासी होते, क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट. कित्येक जण एकमेकांच्या अंगाखाली गुदमरून मेले. जादा पन्नास माणसे म्हणजे तीन टनांहून अधिक वजन. उतारावर ते सगळे ब्रेकवर येते आणि ड्रम तापले की ब्रेक लागेनासे होतात. शिवाय उभ्या माणसाचा भार उंचावर असतो, त्यामुळे वळणावर गाडी लवकर कलंडते. सांगाड्याच्या मजबुतीवर विसंबावे, तर आंतरराष्ट्रीय चाचणीत बस ८०० मिलिमीटर उंचीवरून हळूहळू कलती करून पाडतात आणि आतली जागा शाबूत राहते का, ते पाहतात. त्या हिशेबात पट्टा लावलेल्या प्रवाशांचे निम्मे वजन धरतात. मधल्या वाटेत दाटीने उभ्या असलेल्यांचे वजन शून्य!

यावर नेहमीचा आक्षेप असा की, एसटीत घेतले नाही तर माणूस वडापच्या खासगी जीपला लटकून जाईल, आणि ते अधिक घातक. आक्षेप खरा आहे. म्हणूनच वाहकाला दोषी धरून काही साधत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आला, जादा माणसे उतरवेपर्यंत गाडी हलवू नये अशी तरतूदही आली. पण रात्रीच्या मुक्कामी गाडीतून वीस जणांना आडरानात कोण उतरवणार, आणि का उतरवावे? मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले, ते चांगलेच झाले. मात्र गर्दी वाढली त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत. दुसरा आक्षेप मुंबईच्या बेस्टचा : तिथे तर लोक रोजच उभे असतात. पण सिग्नलगणिक थांबणारी शहरी बस आणि घाट उतरणारी बस यांना एकच माप लावता येत नाही. युरोपचे नियम शहरी बसमध्ये उभ्या प्रवाशामागे ०.१२५ चौरस मीटर जागा धरतात, गावोगावच्या बसमध्ये ०.१५, आणि लांब पल्ल्याच्या बसमध्ये उभ्याने प्रवासाची सोयच नाही.

आपल्याकडेही मर्यादा रस्ता पाहून ठरवावी. कुठली फेरी रोज तुडुंब जाते, हे वाहकाच्या तिकीट यंत्रातल्या नोंदींवरून आगाराला काढता येते. पासवाल्या विद्यार्थ्यांची मोजणी तेवढी नीट करावी लागेल. कुंभार्ली, आंबेनळी, वरंधा अशा घाटांतल्या फेऱ्यांत उभे प्रवासी घेणे बंद करावे, आणि ज्या दिवशी हा आदेश निघेल त्याच दिवशी तिथे जादा गाडी सोडावी. गाडी देणे जमत नसेल, तर आदेशही काढू नये.