स्तंभलेखकाचा सन्मान कशासाठी?

अमेरिकेतील वृत्तपत्रीय स्तंभलेखकांची राष्ट्रीय संस्था 1977 साली स्थापन झाली. वार्षिक संमेलन भरवून उत्तम स्तंभांना पारितोषिके देणे हा तिचा परिपाठ. असल्या समारंभांचे आम्हास फारसे अप्रूप नाही. लेखकांनी लेखकांच्या गळ्यात हार घालावेत, यात वाचकाच्या पदरात काय पडते? परंतु या संस्थेने आपल्या जीवनगौरव पुरस्काराला अर्नी पाइल याचे नाव दिले, ही गोष्ट विचारार्ह आहे.

पाइल हा दुसऱ्या महायुद्धातील वार्ताहर. सेनापतींचे डावपेच सोडून चिखलात झोपणारा सामान्य शिपाई त्याने आपल्या स्तंभाचा विषय केला. त्याचे नाव-गावही छापले. 1944 मध्ये त्याने एक साधा प्रश्न विचारला. वैमानिकाला उड्डाणाचा भत्ता मिळतो. मग आघाडीवर मरणाशी झुंजणाऱ्या पायदळाच्या शिपायाला लढाईचा भत्ता का नसावा? ही दयेची याचना नव्हे. एकाला लावलेला न्याय दुसऱ्यालाही लावा, हा तो बिनतोड युक्तिवाद होय! त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने जादा वेतनाचा कायदा केला आणि लोक त्याला पाइलच्याच नावाने ओळखू लागले. पुलित्झर पारितोषिकही त्यास त्याच साली मिळाले. आमच्या वकिली दृष्टीला मात्र कायद्याशी जडलेले नाव अधिक मोलाचे वाटते. संमेलनातील परीक्षकांनी शैलीबरोबर हेही मोजमाप हाती ठेवावे, असे आमचे मत आहे.

18 एप्रिल 1945 रोजी जपानच्या इए शिमा बेटावर गोळी लागून पाइल ठार झाला. संस्थेने स्तंभलेखक दिन म्हणून निवडला तो हाच दिवस.