विधानपरिषदेची रिकामी आसने

महाराष्ट्राच्या विधानपरिषदेचे सभासद ७८. ते निवडतो कोण, असे पेठेत दहा जणांस विचारावे, तर नऊ जण निरुत्तर होतील. आणि यात त्यांचा दोष थोडाच! घटनेच्या १७१ व्या कलमाची योजनाच गुंतागुंतीची आहे. ३० सभासद विधानसभेचे आमदार निवडतात; २२ महापालिका, नगरपालिका व जिल्हा परिषदा यांचे लोकनियुक्त सभासद; ७ पदवीधर व ७ शिक्षक. उरलेले १२ राज्यपालांनी वाङ्मय, शास्त्र, कला, सहकार व समाजसेवा यांतील जाणत्यांमधून नेमावयाचे. हे सभागृह विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात.

कागदावर योजना ठीक आहे. परंतु व्यवहारात काय घडले? २०२० च्या जूनमध्ये नेमणुकीच्या बाराही जागा मोकळ्या झाल्या. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने बारा नावे राजभवनाकडे धाडली. त्यांवर ना होकार, ना नकार. वाजवी मुदतीत निर्णय व्हावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑगस्टात सुचविले, तरी यादी पडूनच राहिली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळ बदलले व नव्याने ती परत घेतली. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरात सात जागा भरल्या, त्याही विधानसभेची निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशी! चार वर्षे कवीची, शास्त्रज्ञाची खुर्ची रिकामी होती. (भरल्यावर तीवर कवी किती बसतात, हा प्रश्न निराळा.)

दुसरी गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. नगरपालिकेचा कर ते भरतात व तिच्या सभासदांमार्फत वरिष्ठ सभागृहात त्यांचा आवाज पोहोचतो. परंतु २०२२ पासून कित्येक वर्षे बहुतेक महापालिका व जिल्हा परिषदा प्रशासकांच्या स्वाधीन होत्या. प्रशासकास मत नाही. नगरसेवकच नाहीत, तर मतदार कोठून आणावे? म्हणून मुदत संपलेल्या स्थानिक संस्थांच्या जागा एकामागून एक ओस पडल्या. गावची निवडणूक लांबविणाऱ्याने राज्याचे सभागृहही लंगडे केले, हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले.

असे सभागृह ठेवावे कशास, म्हणून ते मोडा, असे काहीजण म्हणतात. १६९ व्या कलमाने तशी वाट आहे. बंगालने १९६९ मध्ये ती धरली. आम्हांस ते मान्य नाही. नेमणुकीचा सल्ला पोहोचल्यापासून साठ दिवसांत राज्यपालांनी निर्णय द्यावा, अशी दुरुस्ती १७१ व्या कलमात व्हावी. आणि स्थानिक निवडणुका पाच वर्षांपलीकडे ढकलणाऱ्या सरकारास विधानसभेत रोखठोक जाब विचारला जावा.