बर्फाची जाडी आणि शेजाऱ्याची पावले

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठली, की बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसणे हा असंख्य लोकांचा छंद आहे. या छंदापायी जवळजवळ दर हिवाळ्यात कोणी ना कोणी प्राणास मुकते. तेथे आता मराठी कुटुंबेही स्थायिक झाली असल्याने हा विषय आपल्यालाही अगदीच परका राहिलेला नाही.

बर्फ पारखण्याचे नियम मुळीच गहन नाहीत. नव्याने गोठलेला पारदर्शक बर्फ किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर जाड असल्याखेरीज त्यावर पायीही जाऊ नये, असे तेथील नैसर्गिक साधनसंपत्ती खाते सांगते. हिम मिसळून झालेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा. तो दुप्पट जाड हवा. झरे आणि ओढ्यांची मुखे यांच्याभोवती बर्फ पातळ राहतो. वर साचलेले हिम पांघरुणासारखे काम करते आणि खालचे पाणी लवकर गोठू देत नाही. म्हणून एका जागी मोजून भागत नाही. दर १५० फुटांवर पहारीने वा गिरमिटाने पुन्हा तपासावे लागते.

मग माणसे बुडतात का? कारण मोजणे कष्टाचे आणि दुसऱ्याच्या पावलांवरून जाणे फुकटचे. तळ्यावर चार तंबू दिसले, की पाचव्याला वाटते, त्या चौघांनी मोजले असणार. त्या चौघांपैकी तिघांनीही नेमके तेवढेच गृहीत धरलेले असते! अशी गर्दी हा फार तर एकच पुरावा, आणि तोही कालचा. २००९ च्या फेब्रुवारीत ओहायोजवळ ईरी सरोवरावर बर्फाचा प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून तुटला आणि शंभराहून अधिक मासेमार अडकले. एकाचा मृत्यू झाला.

सरकारनेच बर्फ मोजून निर्वाळा द्यावा, ही सूचना मला मान्य नाही. मिनेसोटाचे ते खाते बर्फ मोजत नाही, हे योग्यच आहे. एकदा फलक लागला, की त्याच्या भरवशावर शंभर पावलांपुढचा बर्फही पक्का मानला जाईल. जुन्या अनुभवाचे भांडवलही आता झिजत चालले आहे. जपानमधील सुवा सरोवराच्या गोठण्याची नोंद १४४३ पासून ठेवली गेली आहे. पूर्वी बहुतेक हिवाळ्यांत गोठणारे ते सरोवर अलीकडे क्वचितच पूर्ण गोठते. ‘नाताळापर्यंत बर्फ पक्का’ हा आजोबांचा हिशेब नातवाने कशाच्या आधारावर चालवावा?

मात्र जे बर्फावरच्या झोपड्या भाड्याने देतात, त्यांची गोष्ट निराळी. नफा त्यांचा आहे. तेव्हा झोपडीपाशी आणि तिच्या वाटेवर रोज बर्फ मोजून, ते माप तारखेनिशी दारावर लिहिण्याची सक्ती त्यांच्यावर अवश्य व्हावी.