तुपाची हंडी आणि कथानकाचा तक्ता

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, कथानक शिकवताना आपण फळ्यावर सुरुवात, संघर्ष, उत्कर्षबिंदू, शेवट असे चौकोन काढतो. मुलंही भरून देतात. पण प्रेमचंदांची 'बड़े घर की बेटी' (१९१०, कानपूरच्या 'जमाना' या उर्दू मासिकात आलेली) शिकवताना मला हे चौकोन अपुरे वाटतात.

गौरीपूरच्या बेनीमाधव सिंहांचं घर. धाकटा दीर लालबिहारी दोन पाखरं आणतो. आनंदी हंडीतलं पावभर तूप सगळं मांसात घालते, डाळीला उरत नाही. एवढ्यावरून माहेर काढलं जातं आणि दीर खडाव फेकून मारतो. तिच्या बोटाला लागतं. मुलं लगेच लिहितात, 'उत्कर्षबिंदू : खडाव'. माझ्या मते हे चूक आहे.

खडाव पडली तो गुरुवार. नवरा श्रीकंठ घरी येतो शनिवारी. मधले दोन दिवस ती उपाशी, आणि त्यांवर कथेत जेमतेम एखाद-दुसरं वाक्य! वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिला कुणी जेवायला बोलावलंच नाही का?" तक्त्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. खरा ताण तर तिथेच साठतो.

पुढे बघा. तक्रार आधी दीर-सासऱ्यांची होते, तिची नंतर. एरवी एकत्र कुटुंबाची बाजू घेणारा श्रीकंठच वेगळं व्हायचं बोलतो. कुणी हुक्का ओढायला, कुणी साऱ्याची पावती दाखवायला म्हणून गावकरी येऊन बसतात. भांडण कसं पसरतं, हे याहून नेमकं कसं दाखवणार? मग लालबिहारी दाराशी येऊन माफी मागतो आणि घर सोडून निघतो. आनंदी नवऱ्याला म्हणते, त्याला बोलवा. तो हलत नाही. मग तीच धावत जाऊन दिराचा हात धरते. उत्कर्षबिंदू हा! आधी टोमणा म्हणून आलेले 'बड़े घर की बेटी' हे शब्द शेवटी सासऱ्याच्या तोंडी कौतुक म्हणून येतात.

आपण मात्र 'सून समजूतदार असावी' असं तात्पर्य लिहून देतो नि मोकळे होतो. मला ते पटत नाही. ज्या बाईला लागलं तिलाच घर सावरावं लागलं, हेही त्याच कथानकात आहे ना? पालकहो, तुमच्या घरी जेवताना ही गोष्ट जरूर सांगा, आणि दोन दिवसांच्या उपासापाशी थांबून मुलांना विचारा, त्या घरात तुम्ही असता तर काय केलं असतं?